शुद्धिपत्राची अवहेलना

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या चळवळीचे गोडवे गाणारे लेख आता मराठीतही पुष्कळ येऊ लागले आहेत. ज्ञान कुणाच्या मालकीचे नाही, प्रोग्राम उघडा ठेवावा, ज्याला हवा त्याने तो घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा, हे सारे मला मान्य आहे. मान्य आहे एवढेच नव्हे, तर गेली पंधरा-वीस वर्षे माझा रोजचा व्यवहार याच साधनांवर चाललेला आहे. म्हणूनच या चळवळीत जी एक उतरंड आहे तिच्याविषयी चार शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो. प्रोग्राम लिहिणारा तिथे पहिल्या पंगतीला बसतो. त्या प्रोग्राममधला दोष शोधणारा त्याच्या शेजारी. आणि ‘हा प्रोग्राम संगणकावर बसवण्याच्या तुमच्या सूचनांतली चौथी ओळ चुकलेली आहे, ती अशी हवी’ असे सांगणारा जो कोणी असेल, त्याचे पान मांडलेलेच नसते. त्याच्या दुरुस्तीवर ‘ट्रिव्हियल’, म्हणजे क्षुल्लक, अशी चिठ्ठी चिकटवली जाते. माझा आक्षेप या चिठ्ठीला आहे.

ज्यांचा या व्यवहाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. अशा प्रत्येक प्रोग्रामबरोबर एक कागद येतो. त्याचे नाव बहुधा ‘रीडमी’ असते, म्हणजे ‘मला वाचा’. प्रोग्राम संगणकावर कसा बसवायचा ते त्यात ओळीओळीने दिलेले असते. (काही भाषांतरकार या क्रियेला ‘प्रतिष्ठापना’ म्हणतात. मला ते गणपती बसवल्यासारखे वाटते. मी आपला ‘बसवणे’ म्हणेन.) या ओळी वाचून समजून घ्यायच्या नसतात, जशाच्या तशा संगणकाला द्यायच्या असतात. कवितेत एखादे अक्षर गळले तर वाचक ते मनात भरून घेतो. संगणक काही भरून घेत नाही. इथे एक अक्षर चुकले की दार बंद.

या अंकाचा वाचक साहित्याचा आहे, म्हणून उदाहरणही त्याच्या जवळचे घेतो. जुन्या मासिकांची पाने स्कॅन करून त्यांतला मजकूर शोधता येईल, दुरुस्त करता येईल अशा अक्षरांत उतरवून घ्यायचा असेल, तर टेसरॅक्ट नावाचा मुक्तस्रोत प्रोग्राम आहे. ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीत १९८०च्या दशकात त्याचे काम सुरू झाले, २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला, पुढे बरीच वर्षे गूगलने त्याचा सांभाळ केला. छापील मराठी तो वाचतो. फुकट वाचतो. आता समजा, एखाद्या तालुक्याच्या गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी हे मनावर घेतले. कपाटातल्या जुन्या अंकांना कसर लागली आहे, पाने बोटाला चिकटून तुटताहेत, ती जाण्याआधी त्यांतला मजकूर वाचवावा असा त्यांचा हेतू. बाईंना एक धडा सापडतो. त्यात एकच ओळ आहे : ‘पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट’. बाई ती ओळ देतात. सगळे सुरळीत पार पडते. मग त्या एक पान वाचायला देतात आणि उत्तर येते की टेसरॅक्ट बसवलेले नाही, किंवा मार्गावर नाही.

नुकतेच बसवले की! पण बसले ते पायटेसरॅक्ट. तो नुसता निरोप्या आहे. खरा वाचणारा टेसरॅक्ट वेगळा बसवावा लागतो. पायटेसरॅक्टच्या मूळ कागदात हे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यावरून उतरवलेल्या धड्यांत ते वाक्य गळालेले असते. बाई चिकाटीच्या म्हणून तोही बसवतात. डेबियन किंवा उबुंटूवर त्याच्याबरोबर फक्त इंग्रजीची विद्या येते. मराठीची ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ नावाची पुडी निराळी मागवावी लागते. ते न कळल्यामुळे मराठी पानातून रोमन अक्षरांचा कचरा बाहेर पडतो. मग बाई भाषेची खूण देतात. सगळ्या संगणकी जगात मराठीची खूण ‘एम-आर’ अशी दोन अक्षरांची; इथे ‘एम-ए-आर’ अशी तीन अक्षरांची. तेही शोधून दिले, तर उत्तर येते की मराठीची फाइल उघडता येत नाही, ‘टेसडेटा-प्रीफिक्स’ नीट ठेवला आहे का ते पाहा.

आता या टेसडेटा-प्रीफिक्सची गंमत सांगतो, कारण माझे सारे म्हणणे त्यात आले आहे. टेसरॅक्टच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘टेसडेटा’ नावाचे कपाट ज्या खोलीत आहे त्या खोलीचा पत्ता तिथे द्यायचा असे. २०१८च्या ऑक्टोबरात चौथी आवृत्ती आली आणि तेव्हापासून खुद्द कपाटाचा पत्ता द्यायचा असतो. नाव तेच, अर्थ एका पायरीने सरकला. म्हणजे २०१५ साली कुणी अत्यंत काळजीपूर्वक, स्वतः करून पाहून लिहिलेली सूचना २०१८ नंतर खोटी झाली, आणि तिच्यातला एक कानामात्राही कुणी बदलला नव्हता. उबुंटूच्या २०१८ सालच्या आवृत्तीत ते कपाट ‘४.००’ नावाच्या खोलीत होते. डेबियनच्या २०२३ सालच्या आवृत्तीत ते ‘५’ नावाच्या खोलीत गेले. ज्याने पूर्ण पत्ता लिहून दिला त्याचा कागद पुन्हा एकदा खोटा.

छापील पुस्तकातला मुद्रणदोष पहिल्या दिवसापासून दोष असतो. मुद्रितशोधकाच्या नजरेतून तो सुटला, शुद्धिपत्रात आला की संपला. इथे बरोबर लिहिलेले वाक्य बसल्या जागी नासते. पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर कित्येक संगणकांवर नुसते ‘पायथन’ म्हटले तर कोणी ओ देत नाही, ‘पायथन३’ म्हणावे लागते. गिटहबने १५ मार्च २०२२ रोजी जुना, उघडा ‘गिट’ मार्ग बंद केला आणि त्या मार्गाने प्रोग्राम उतरवा म्हणून सांगणाऱ्या सगळ्या सूचना त्या दिवशी मेल्या. आपल्याकडे गेल्या वर्षीच्या पंचांगावर कुणी यंदाचा मुहूर्त काढत नाही. पंचांगकर्त्याला दरवर्षी नव्याने गणित मांडावे लागते आणि त्याला ते काम क्षुल्लक आहे असे कुणी म्हणत नाही. या चळवळीत मात्र दहा वर्षांपूर्वीच्या पंचांगावर मुले बोहल्यावर उभी केली जातात आणि अक्षता पडल्या नाहीत की मुलांनाच बोल लावला जातो.

आणि मुले तो बोल स्वतःला लावूनही घेतात. मला सर्वांत बोचते ते हे. आमच्या ग्रंथपालबाईंनी काय निष्कर्ष काढला असेल? ‘कागद चुकीचा आहे’ असा? छे! ‘आपल्याला कॉम्प्युटर जमत नाही’ असा. ज्याला आधीपासून येते त्याला चुकीची सूचना लगेच ओळखू येते, तो मनातल्या मनात ती सुधारून पुढे जातो. ज्याला येत नाही त्याच्यासाठीच सूचना लिहिलेली असते आणि तोच तिच्यापुढे निराधार असतो. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली आले आणि घराघरांत गेले, त्याचे एक कारण असे की त्यांनी प्रमाण वाटी-चमच्याने दिले. ‘अंदाजाने’ या शब्दावर भिस्त ठेवली नाही. ज्या मुलीला अंदाज असतो तिला पुस्तक लागत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे दिसत नाही, याला त्यांचा दुष्टपणा कारण नाही. त्यांना ते दिसणे शक्यच नाही. त्यांच्या संगणकावर वर्षानुवर्षांची भांडीकुंडी जमलेली असतात. एखादा पायथन प्रोग्राम बसताना त्यातले सी भाषेचे भाग घडवावे लागतात, त्यासाठी ‘पायथन डॉट एच’ नावाची फाइल लागते. लेखकाकडे ती कधीच्या काळी आलेली असते. कोणत्या पुडीतून आली हे तो विसरलेला असतो. म्हणून त्याच्या कागदात त्या पुडीचे नाव नसते. नव्या माणसाच्या कोऱ्या संगणकावर ‘पायथन डॉट एच सापडत नाही’ हे वाक्य उमटते तेव्हा ती गळालेली ओळ प्रथमच कुणाला तरी दिसते. म्हणजे या चुकीचा साक्षीदार एकच : जो पहिल्यांदा आला आणि अडखळला तो. आणि त्याची साक्षही अल्पायुषी. एकदा काहीतरी खटपट करून प्रोग्राम बसला की त्याच्याही संगणकावर भांडीकुंडी जमली. दुसऱ्या दिवशी त्यालाही आठवत नाही की आपण नेमके कुठे अडलो होतो. साक्ष घ्यायची ती त्याच घटकेला घेतली पाहिजे.

मग आपण त्या साक्षीदाराला कसे वागवतो? त्याने तोंड उघडले की पहिला प्रश्न असतो, ‘दुरुस्ती पाठवलीस का?’ दुरुस्ती पाठवायची म्हणजे प्रोग्रामची प्रत करा, तिची फांदी काढा, बदल करा, संदेश ठरावीक नमुन्यात लिहा, काही ठिकाणी करारनाम्यावर सही करा. जो दारातून आत येऊ शकला नाही म्हणून सांगतो आहे, त्याला आपण म्हणतो, आत ये, सुताराची हत्यारे घे आणि दार दुरुस्त कर. साक्ष देणे आणि निवाडा करणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे न्यायालयात चपराशालाही कळते. नवख्याने सांगायचे ते एवढेच, की मी ही ओळ दिली, माझा संगणक असा, उत्तर हे आले. योग्य ओळ कोणती, ती डेबियनवर कशी आणि मॅकवर कशी, हे ठरवणे हे जाणत्याचे काम आहे. पण जाणता म्हणतो, हे काम नवशिक्यांना सरावाला बरे. त्यावर ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी पाटी लावतो आणि आपण मोठ्या कामाला निघून जातो.

एक अनुभव सांगतो. प्रकल्पाचे नाव घेत नाही. त्यांच्या सूचनांत एका पुडीचे नाव गळाले होते आणि एका पुडीचे नाव बदलले होते. मी तिन्ही संगणकांवर कोरी व्यवस्था बसवून पाहिले, उत्तरे जोडली, दोन ओळींची दुरुस्ती धाडली. अकरा महिने कुणी पाहिली नाही. मध्यंतरी चार अनोळखी माणसांनी खाली लिहिले, ‘धन्यवाद, यामुळे माझे काम झाले.’ बाराव्या महिन्यात एका यंत्राने, हो, यंत्रानेच, लिहिले की या विषयात काही हालचाल नसल्यामुळे तो शिळा समजून बंद करण्यात येत आहे. हालचाल कुणी करायची होती? मूळ कागद तसाच चुकीचा राहिला. त्याच महिन्यात त्यांच्या नव्या आवृत्तीचे मोठे कौतुक झाले.

‘पण प्रकल्प चालवणारी माणसे फुकट राबतात,’ असे मला सांगण्यात येते. ठाऊक आहे. रात्री मुले झोपल्यावर हे काम करणारी माणसे आहेत आणि त्यांच्या उपकारावर मोठमोठ्या कंपन्या उभ्या आहेत. पण याच कारणासाठी दोन ओळींची तयार दुरुस्ती आधी घ्यायला नको का? ती न घेतल्यामुळे तोच प्रश्न चाळीस जण चाळीस वेळा विचारतात आणि त्याच थकलेल्या माणसाला उत्तरे द्यावी लागतात. दुसरे सांगण्यात येते ते २०२०च्या ऑक्टोबरचे. ‘हॅक्टोबरफेस्ट’ नावाच्या उपक्रमात चार बदल पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळत असे. त्यासाठी लोकांनी असंख्य प्रकल्पांच्या रीडमीत निरर्थक शब्द घुसडून पाठवले. त्यांत आपल्याकडची मुलेही होती, हे लाजेने मान्य केले पाहिजे. शेवटी, ज्या प्रकल्पाची इच्छा असेल त्यालाच त्यात धरायचे, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला. पण खोटी नाणी चालवणारे निघाले म्हणून खरे नाणे कुणी फेकून देत नाही. ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असे दोन शब्द चिकटवणारा आणि गळालेल्या पुडीचे नाव देणारा यांतला फरक ओळखायला अर्धे मिनिट लागते.

तिसरा एक आक्षेप आहे. तो उघडपणे फार थोडे करतात, मनात पुष्कळांच्या असतो. ज्याला एवढेही जमत नाही त्याने येऊच नये; थोडी अडचण असलेली बरी, त्यामुळे माणसांची पारख होते. या युक्तिवादाची जात आपण महाराष्ट्रात चांगली ओळखतो. विहीर सर्वांसाठी खुली आहे, फक्त पोहऱ्याचा दोर आम्ही आमच्याकडे ठेवतो! चुकीच्या सूचनेने पारख होते ती बुद्धीची नव्हे. शेजारी विचारायला जाणता माणूस आहे की नाही, याची होते. पुण्यात, बंगळुरूत तो असतो. तालुक्याला नसतो.

बरे, अडलेला माणूस अडूनच राहिला असता तर एक वेळ हळहळून सोडून दिले असते. तो अडून राहत नाही. आडवाट शोधतो, आणि त्या आडवाटेवर धोका असतो. डेबियनने २०२३च्या जूनमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून, व्यवस्थेच्या मालकीच्या पायथनमध्ये पिपने परस्पर काही टाकण्यास मनाई केली. कारण शहाणपणाचे होते : दोघे एकाच कोठारात हात घालू लागले की व्यवस्थाच मोडते. वेगळे कोठार कसे करावे हे नकाराच्या त्या उत्तरातच सांगितलेले असते. पण शेवटी, हट्टच असेल तर, म्हणून एक पर्यायही दिलेला असतो. त्याचे नावच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’, म्हणजे ‘व्यवस्थेच्या पुड्या मोडा’. ज्यांचे रीडमी अजून ‘सुडो पिप इन्स्टॉल’ असे जुनेच सांगते, त्यांचा वाचक काय करतो? तो हा शेवटचा पर्याय उचलतो. काम होते. मग तो इतरांनाही तोच सांगतो.

‘ॲप्ट-की’चेही तसेच. परक्या भांडारावर विश्वास ठेवण्यासाठी त्याची किल्ली या आज्ञेने घेतली, की ती किल्ली त्या एका भांडारापुरती राहत नसे; कुठल्याही भांडारातून आलेल्या मालावर तिचा शिक्का चाले. वाण्याला दिलेल्या किल्लीने तिजोरी उघडावी तसा प्रकार. म्हणून ही आज्ञा कालबाह्य ठरवण्यात आली, आणि २०२५ सालच्या डेबियन १३मध्ये ती उरलीच नाही. ही एक ओळ जिथे दुरुस्त झाली नाही तिथे वर्षानुवर्षे लोक, सूचनेबरहुकूम, आज्ञाधारकपणे, आपली तिजोरी वाण्याच्या हाती देत आले. याला क्षुल्लक म्हणायचे?

कोडकोव्हचे प्रकरण तर सर्वश्रुत आहे. त्यांची एक छोटी संहिता उतरवून लगेच चालवावी, अशी रीत रूढ होती. ३१ जानेवारी २०२१पासून कुणी तरी ती संहिता बदलून ठेवली. चालवणाऱ्यांची गुपिते परक्याकडे जाऊ लागली. दोन महिने ते उघडकीला आले नाही. १ एप्रिलला उघडकीला आले ते एका ग्राहकामुळे : उतरवलेल्या संहितेचा ताळा प्रसिद्ध केलेल्या ताळ्याशी जुळतो का, हे त्याने पाहिले. बसवण्यापूर्वी ताळा जुळवा, ही सूचनेतली ती ओळ असते जी धडे लिहिणारे ‘सोपे व्हावे म्हणून’ आधी गाळतात.

ज्यांना या क्षेत्रातले ऋषी म्हणावे त्यांची वागणूक पाहा. डोनाल्ड कनुथ यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ साली आला. तिच्यातली चूक प्रथम दाखवून देणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंट देत आले आहेत. चूक शास्त्राची असो, इतिहासाची असो वा नुसती छपाईची असो, मोल तेच. (२००८पासून ते खऱ्या धनादेशाऐवजी एका काल्पनिक बँकेचे प्रमाणपत्र देतात. लोक तेही चौकटीत लावून भिंतीवर टांगतात.) रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. पुढे त्यांनीच एक निबंध लिहून सांगितले की मुक्त व्यवस्थांतली सर्वांत मोठी उणीव प्रोग्रामांत नाही, चांगल्या मुक्त माहितीपुस्तकांच्या अभावात आहे. प्रोग्राम बदलला की पुस्तकही बदलता आले पाहिजे, नाहीतर प्रोग्राम बदलण्याचे स्वातंत्र्य लंगडे, असा त्यांचा मुद्दा होता. २००० साली त्यासाठी खास परवाना तयार झाला. माहितीपत्र सुधारण्याचा हक्क या चळवळीने असा मागून, कायद्याच्या भाषेत बांधून घेतला. आणि तो हक्क कुणी बजावला तर आज आपण त्याला ‘क्षुल्लक’ म्हणतो! ओपनबीएसडीची मंडळी माहितीपानातल्या चुकीला प्रोग्राममधल्या चुकीसारखीच चूक मानतात. त्यांना ते परवडते, मग इतरांना का परवडू नये?

इतके बाहेरच्यांना सुनावल्यावर घरच्यांनाही सुनावले पाहिजे. आपण मराठी माणसे या बाबतीत काय करतो? महाविद्यालयांतून दरवर्षी कार्यशाळा होतात. मास्तर आदल्या रात्री सगळे बसवून पाहतात, अडतात, मार्ग काढतात आणि एक कागद तयार करतात. त्या कागदात गळालेली पुडी असते, बदललेले नाव असते, मराठी टंकलेखनाची सोय बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावे, नाहीतर यादीत मराठी दिसत नाही, हेही असते. कागद उत्तम असतो. त्याच्या साठ झेरॉक्स निघतात, साठ मुलांचे काम होते. पुढे तोच कागद व्हॉट्सॲपवर फिरतो, कुणी त्यावरून स्वतःच्या नावाचा धडा करतो, आणि काही महिन्यांनी तो धडाही नासतो. मूळ ठिकाणी एक ओळ कुणी कळवत नाही. इंग्रजी नीट येत नाही म्हणून संकोच, हे एक कारण. आपले कोण ऐकणार, हे दुसरे. आणि आपल्याला समजले ते आपल्यापाशी राहिले तर मान मिळतो, हे तिसरे. तिसऱ्याविषयी मी अधिक बोलत नाही. पहिल्याविषयी एवढेच, की त्याला इंग्रजी फारसे लागत नाही. दिलेली ओळ, आलेले उत्तर, व्यवस्थेचे नाव, तिची आवृत्ती आणि तारीख. यांतले बहुतेक संगणकच लिहून देतो.

आणि प्रकल्पवाल्यांना माझे मागणे फार मोठे नाही. नवी आवृत्ती काढण्यापूर्वी एका कोऱ्या संगणकावर, प्रकल्पाबाहेरच्या एका माणसाला, तोंडातून शब्द न काढता शेजारी बसून, आपलाच कागद पाळायला लावा. तो जिथे थांबेल तिथे लिहून घ्या. प्रत्येक सूचनेखाली ती शेवटची कधी आणि कोणत्या व्यवस्थेवर करून पाहिली ते छापा. दुरुस्ती सांगणाऱ्याचे नाव प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या त्याच यादीत, त्याच टंकात द्या, तळटीपेत नको. आणि ते शिळे म्हणून दार लावणारे यंत्र निदान बसवण्याच्या सूचनांपुरते तरी बंद करा. ती चूक कुणी हालचाल केली नाही म्हणून जुनी होत नाही. उद्या सकाळी पहिल्यांदाच येणाऱ्या माणसासाठी ती ताजीच असते.